सात नंबरच्या मीटरचे अठ्ठावन्न दिवस

माझ्या फोनमध्ये दहा माणसं नावानं नाहीत, आकड्यानं आहेत. दोन नंबर, पाच नंबर, सात नंबर, नऊ नंबर असे. त्यांच्या फोनमध्ये मी चार नंबर आहे. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण सोलापुरात एका डेटा एन्ट्री केंद्रात कामाला होतो. तिथं अकरा स्क्रीन होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा काढलेला. जो माणूस ज्या स्क्रीनपुढं बसायचा तो त्या आकड्याचा झाला. पुढं केंद्र बंद पडलं, स्क्रीन भंगारात गेले. आकडे आमच्याकडं राहिले.

केंद्र नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. चपला जिन्यात काढायच्या, पायपुसण्यावर पाय घासायचे आणि मग आत. आत एसी होता. तो मशीनसाठी होता, आमच्यासाठी नव्हता, पण मे महिन्यात त्याचा फायदा आम्हीच जास्त घेतला. खालच्या दुकानातला एक माणूस रोज दुपारी वर येऊन विचारायचा, "काय, मशीन बरी हाय न्हवं?" आणि अर्धा तास बसून जायचा. मशीनची एवढी चौकशी कुणी केली नसेल.

काम साधं होतं. साखर कारखान्याच्या उसाच्या पावत्या, परीक्षेचे गुण, कसल्या कसल्या पाहणीचे फॉर्म असे गठ्ठे यायचे. एकानं गठ्ठा टाइप करायचा. त्याला आम्ही पंच करणं म्हणायचो. मग तोच गठ्ठा दुसऱ्यानं, पहिल्यानं काय टाइप केलंय ते न बघता, पुन्हा टाइप करायचा. दोघांचा आकडा जुळला तर मशीन पुढं जायचं, नाही जुळला तर ओरडायचं. या दुसऱ्या माणसाला व्हेरिफायर म्हणत. मी पंच करायचो आणि सात नंबर माझे व्हेरिफायर होते.

सात नंबर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. घरची भाषा तेलुगू, घराणं विणकरांचं. केंद्रात येण्याआधी ते चादरींच्या कारखान्यात होते. चादरीवरची नक्षी मागावर उतरते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून. त्या पट्ट्यांना भोकं पाडायचं काम त्यांनी बारा वर्षं केलं होतं. एक भोक चुकलं तर मोराची मान तुटते, आणि ती प्रत्येक चादरीवर तुटते. केंद्रात पहिल्या दिवशी आम्ही सगळे कळपाटीला भीत भीत हात लावत होतो. एकटे सात नंबर निवांत होते. म्हणाले, "ह्यात नवीन काय हाय? तितं भोक पाडायचं, हितं बटन दाबायचं. मोर नाय दिसत, एवढंच."

त्यांनी मला जे शिकवलं ते एका वाक्याचं आहे. एका पाहणीच्या फॉर्मवर एका बाईचं वय तीन लिहिलेलं होतं आणि मुलं चार. पुढचं शून्य राहिलं असणार म्हणून मी तीस टाइप केलं. सात नंबरनी कागदाप्रमाणं तीन टाइप केलं आणि त्यांचं मशीन ओरडलं. ते फॉर्म घेऊन माझ्याकडं आले.

"तीस कुटं लिवलंय?"

"अहो, तीन वर्षांच्या बाईला चार पोरं कशी असतील?"

"तू बघाय गेल्तास का?"

"नाही, पण..."

"कागदावर तीन हाय. तीन मार. डोकं घरी ठेवून यायचं, बोटं घेऊन यायची."

सगळे हसले. नऊ नंबर, ज्यांचा पुढं ट्रकचा धंदा झाला, ते मागून म्हणाले, "चार नंबर का डोका आज ड्यूटी पे आया, उंगल्यां घर में रह गये."

मला तेव्हा राग आला होता. नंतर पटलं. प्रत्येकानं आपापल्या अकलेनं दुरुस्ती केली, तर मूळ कागदावर काय होतं ते कुणालाच कळणार नाही. केंद्र बंद झाल्यावर मी एका संस्थेच्या कार्यालयात लागलो, अजून तिथंच आहे, आणि आजपर्यंत हाच नियम पाळला. समोर आहे ते उतरवायचं. चूक दिसली तरी ती आपली नाही.

कोरोनात सगळे घरात अडकले तेव्हा दोन नंबरनी आम्हाला एकेक करून शोधलं. दोन नंबर म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात वेगवान बाई, आता बार्शीला मुलाकडं असतात. त्यांनी मोबाईलवर ग्रुप काढला. पहिल्या आठवड्यात फुलं, देव आणि काढ्याच्या कृती आल्या. आठव्या दिवशी सात नंबर म्हणाले, हे बंद करा, आपण काय कामाची माणसं होतो आणि काय करतोय. नऊ नंबरनी विचारलं, "फिर क्या करना? पंच करने को क्या बचा है घर में?" त्यावर सात नंबरनी पाच आकडी एक संख्या टाकली. त्यांच्या घरच्या विजेच्या मीटरचं रीडिंग. खाली लिहिलं, चार नंबर, व्हेरिफाय कर.

तेव्हापासून ती पद्धत पडली. सकाळी सात ते आठ या वेळात प्रत्येकानं उठायचं, मीटरपर्यंत जायचं, आकडा डोक्यात घ्यायचा, परत येऊन ग्रुपवर टाइप करायचा. फोटो काढायचा नाही. त्याच्या जोडीदारानं तो आकडा एकदाच बघायचा, फोन उपडा ठेवायचा, मग उचलून तोच आकडा न बघता टाइप करायचा आणि पुढं ओके लिहायचं. कॉपी करणं म्हणजे चोरी. कुणी बघायला नव्हतं, पण माझ्या माहितीत कुणी चोरी केली नाही. नऊ वाजेपर्यंत आकडा आला नाही तर जोडीदारानं फोन करायचा. दोन नंबरचे गुडघे जाम झाले तेव्हा, आणि नऊ नंबरची साखर एकदम खाली गेली तेव्हा, घरच्यांच्या आधी ग्रुपला कळलं होतं.

ग्रुपवर गप्पा फार नव्हत्या. दोन नंबर मधूनच लिहायच्या, "आमच्याकडं काल अकरा युनिट. सुनेचं माहेर आलंय." नऊ नंबर लिहायचे, "मेरा मीटर भाग रहा है, मैं वहीं का वहीं." एवढंच. मला ते पुरत होतं. कार्यालयात दिवसभर बोलून जेवढं पोचत नाही तेवढं त्या पाच आकड्यांत पोचायचं.

माझी बायको याला माझी पूजा म्हणते. सकाळी चहा ठेवताना विचारते, "आलं का तुमच्या माणसाचं मीटर? आलं असेल तर गाळते. नसेल तर उकळू दे अजून."

मी एका वहीत सात नंबरचे आकडे लिहून ठेवायचो. त्याला काही कारण नव्हतं. मला आकडे लिहून ठेवायची सवय आहे. त्यांची पत्नी वारल्यावर ते एकटेच राहत होते. मुलगी हैदराबादला दिलेली. एकट्या माणसाचं घर, एक फ्रीज, दोन पंखे, संध्याकाळी टीव्ही. रोज तीन युनिट, फार तर चार.

या वर्षी उन्हाळा संपता संपता एका गुरुवारी त्यांचा आकडा आला ४१३५६. शुक्रवारी ४१३५९. शनिवारी ४१३२६.

मीटर मागं जात नाही. आकडा ४१३६२ असणार, शेवटचे दोन आकडे उलटे झाले, हे मला बघताक्षणी कळलं. असं आमचंही व्हायचं. मी फोन उपडा ठेवला, उचलला, ४१३२६ ओके असं टाइप केलं. रविवारी ४१३६५ आला. मी वहीत शनिवारच्या ओळीपुढं एक फुली केली.

पुढच्या आठवड्यात दोनदा असंच झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकदा आदल्या दिवशीचाच आकडा परत आला. फ्रीज चालू असलेल्या घरात मीटर दिवसभर थांबत नाही. मी दर वेळी आला तो आकडा टाइप केला आणि ओके लिहिलं. कागदावर तीन असेल तर तीन. ग्रुपवर बाकीचे नऊ जण होते, पण दुसऱ्याच्या जोडीचे आकडे कुणी तपासत नाही. तीही पद्धतच होती.

माझा आकडा मात्र ते परत बरोबर टाइप करायचे. तेव्हा आकडा समोर असायचा. त्यांचं मीटर बाहेरच्या भिंतीवर आणि खुर्ची आतल्या खोलीत, मधे एक उंबरा आणि दहा-बारा पावलं. त्या पावलांत कुठंतरी आकडा सांडत होता.

बायकोनं एकदा वही बघितली. "ह्या फुल्या कसल्या?"

"त्यांच्या चुका."

"मग त्यांना सांगितलंत?"

"मी व्हेरिफायर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जे आलं ते टाइप करायचं."

तिनं वही मिटून ठेवली. "तुम्ही मशीनच व्हायचं होतं," म्हणाली. "निदान मशीन ओरडतं तरी."

मला त्या वेळी काही वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं असं आता लिहिणं सोपं आहे.

पहिल्या फुलीपासून चाळिसाव्या दिवशी आकडा आला ४१४७३. एक्केचाळिसाव्या दिवशी ४१४९६.

हा आकडा उलटा झालेला नव्हता. ४१४६९ धरला तर मीटर मागं जात होतं, म्हणजे ४१४९६ खरा होता; दुसऱ्या दिवशी ४१४९९ आल्यावर ते पक्कं झालं. एका दिवसात तेवीस युनिट. त्यांतली तीन नेहमीची काढली तर उरली वीस. त्यांच्या घरी तारेची एक शेगडी होती, दोन हजार वॅटची. गॅसचा सिलिंडर उचलता येत नाही म्हणून ते चहा तिच्यावर करायचे. वीस युनिट म्हणजे ती शेगडी दहा तास चालू. ही वजाबाकी आणि भागाकार मी कार्यालयात जाताना सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा डोक्यात केला. उत्तर आलं. सिग्नल सुटला. मी कार्यालयात गेलो, दिवसभर काम केलं, डबा खाल्ला. सकाळी मी ४१४९६ ओके लिहून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी त्यांना फोन केला. विचारलं, "बरं आहे ना?"

"बरं हाय की. तुझं?"

"माझं ठीक."

"मग ठेव. बातम्या लागल्यात."

मी ठेवला. शेगडीचं विचारलं नाही.

त्यानंतर सोळा दिवसांनी, एका शनिवारी, त्यांच्या मुलीचा फोन आला. ती लहान असताना वडिलांचा डबा घेऊन केंद्रात यायची, जिन्यात चपलांजवळ बसायची. आता तिचा मुलगा कॉलेजात आहे. ती म्हणाली, "काका, एक स्पष्ट विचारते. अप्पांचं बोलणं मला फोनवर बरोबर वाटत नाही. परवा मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. मी म्हटलं, आता हैदराबादला चला. तर म्हणाले, माझ्या डोक्याला काही झालेलं नाही, रोज सकाळी परीक्षा देतो, चार नंबरला विचार, तो रोज ओके देतो."

मी वही जवळ ओढली.

"म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्याइतकं त्यांना कुणी बघत नाही. मी गेल्या दोन महिन्यांपासून तुमच्या ओकेवरच त्यांना तिथं ठेवलंय, काका. ते राहू शकतात ना एकटे?"

माझ्यासमोर वही होती. मी म्हणालो, "उद्या जाऊन येतो आणि सांगतो."

"अंदाजे तरी?"

"अंदाजे मी सांगत नाही."

रविवारी सकाळी त्यांचा आकडा आला ४१५७४. या वेळी मी ओके लिहिलं नाही. स्कूटर काढली आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या गल्लीत अजून दहा-बारा घरांत माग चालतात. सुट्टीच्या दिवशीही आवाज असतो. दार उघडंच होतं. मी आत जाण्याआधी भिंतीवरच्या मीटरसमोर उभा राहिलो. नव्या मीटरच्या पडद्यावर आधी तारीख येते, मग वेळ, मग युनिट. थांबलो. ४१५४७.

आत ते फोन हातात घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "ओके का आलं न्हाय आज? साडेआठ वाजले."

"तुमचा आकडा चुकलाय."

"कितीनं?"

"चौऱ्याहत्तर लिहिलंत. सत्तेचाळीस आहे."

त्यांनी फोनकडं बघितलं, मग दाराकडं. "बोट घसरलं असंल."

"आणि शेगडी?"

ओट्याखाली एक अल्युमिनियमचं भांडं होतं. त्याचा तळ वितळून एका बाजूला आला होता. ते त्यांनी टाकलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. मी तिकडं बघितलं तसे म्हणाले, "आंघोळीचं पाणी ठेवलं आणि वर गच्चीवर जाऊन झोपलो. गार वारं होतं."

"दहा तास."

"तू मोजलंस व्हय?"

"मोजलं."

"मग तवाच का न्हाय बोललास?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. माझ्यासाठी चहा ठेवायला उठले. मी म्हटलं राहू द्या. ते बसले.

मग मी त्यांना म्हटलं, "आपण तीन वेळा करून बघू. तुम्ही बाहेर जा, आकडा बघा, आत येऊन मला सांगा. मी कागदावर लिहितो."

"माझी परीक्षा घेतो?"

"हो."

"तुझं वय किती?"

"छप्पन्न."

"छप्पन्नाव्या वर्षी मास्तर झाला," असं म्हणून ते उठले. पहिल्यांदा आले आणि म्हणाले, एक्केचाळीस हजार पाचशे सत्तेचाळीस. बरोबर होतं. त्यांचा चेहरा खुलला. दुसऱ्यांदा बाहेर बराच वेळ लागला. आत आले आणि म्हणाले, सव्वीस. मी विचारलं, सव्वीस काय? म्हणाले, शेवटचं सव्वीस. ती बहुतेक पडद्यावरची वेळ किंवा तारीख असावी. तिसऱ्यांदा ते बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. मी बघायला गेलो तर शेजाऱ्याच्या कट्ट्यावर बसून त्याच्याशी तेलुगूत बोलत होते, हसत होते. मला बघून म्हणाले, "अरे चार नंबर, कवा आलास?"

मी कागदावर लिहिलं: तीनपैकी एक.

आम्ही परत आत येऊन बसलो. थोड्या वेळानं त्यांना सगळं आठवलं. म्हणाले, "पोरीनं पाठवलं तुला."

"तिनं विचारलं."

"तू काय सांगणार?"

"जे आहे ते."

"ऐक. तिच्या हितं सातव्या मजल्यावर घर हाय. मीटरं समदी खाली, एका फळीवर छत्तीस. तिचं कुठलं ते तिला सुदीक ठाव न्हाय. मी सकाळी उठून काय बघू? ग्रुपवर काय टाकू?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "तू ओके देत जा. शेगडी मी आजच टाकतो. लई दिवस न्हाय म्हणत मी. दिवाळीपर्यंत."

मी म्हणालो, "ओके देता येणार नाही."

"अठ्ठावन्न दिवसांत आज पहिल्यांदा न्हाय दिलंस."

त्यांना दिवस माहीत होते. म्हणजे पहिल्या चुकीपासून त्यांनाही कळत होतं आणि ते मोजत होते. मी वही बगलेत घेऊन उठलो. ते दारापर्यंत आले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीवर बसून मी मुलीला फोन लावला. माझा आवाज नेहमीसारखा होता असं तिनं नंतर सांगितलं. मी सांगितलं, अठ्ठावन्न दिवसांत एकोणीस चुका. त्यांतल्या बारा वेळा शेवटचे दोन आकडे उलटे, सात वेळा आदल्या दिवशीचाच आकडा. एकदा शेगडी दहा तास चालू राहिली, भांडं वितळलं. आज समोर बसून तीनपैकी एकदा बरोबर. या सगळ्या दिवसांत आजचा सोडून रोज मी ओके दिलं.

गल्लीतल्या मागांचा आवाज तिच्याकडंही ऐकू जात असणार.

"शेगडी कधी?"

"सतरा दिवस झाले."

"सतरा दिवस तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"काका, घर जळलं असतं."

"हो."

"मग तुम्ही ओके कशाला लिहीत होता?"

"जे आलं ते लिहीत होतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा बोललो आहे. त्या पायरीवर ते पहिल्यांदाच मला दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं.

ती बुधवारी गाडी घेऊन आली आणि गुरुवारी त्यांना घेऊन गेली. मी सामान बांधायला गेलो होतो. सात नंबर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेजारच्या बायका येऊन रडून गेल्या. मी पुस्तकांचे आणि भांड्यांचे मिळून चौदा खोके मोजले, त्यांवर आकडे टाकले, यादी मुलीच्या हातात दिली. गाडीत बसताना त्यांनी निरोपाला आलेल्या नऊ नंबरना मिठी मारली. मी दोन पावलांवर उभा होतो. गाडी गेल्यावर नऊ नंबर म्हणाले, "दिल पे मत लो. भूल जाएंगे."

"ते विसरतील हे खरंय," मी म्हणालो.

ग्रुपवर त्या आठवड्यात दोन तट पडले. पाच नंबरनी लिहिलं, योग्य केलं, उशिरा केलं. दोन नंबरनी मला फोनच केला. "मला कळतं तुम्ही का सांगितलंत. पण अहो, दोन महिने आधी त्यांना स्वतःला सांगितलं असतं, की तुमचा आकडा चुकतोय, तर त्यांनी काहीतरी केलं असतं. हातावर लिहून आणला असता. मला सांगा, मी नसता का त्यांना रोज फोन केला?" मी म्हणालो, केला असता. त्या म्हणाल्या, "मग?" त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी एकमेकांचे आकडे तपासायला सुरुवात केली आणि महिनाभरात ग्रुपवर निम्मेच आकडे यायला लागले. तपासलेलं कुणाला आवडत नाही.

मी माझा आकडा टाकत राहिलो. व्हेरिफाय करायला कुणी नव्हतं. सकाळी मी फोन हातात घेऊन बसायचो. बायको न विचारता चहा गाळून द्यायची. जेवण जायचं, झोप लागायची. कार्यालयात एकानं विचारलं, तुमचं वजन कमी झालंय का? मी वजन केलं. कमी झालं नव्हतं.

सहा आठवड्यांनी मुलीचा फोन आला. अप्पा बरे आहेत, म्हणाली. एक बाई दिवसभर त्यांच्याजवळ असते. कधी कधी तिलाही ओळखत नाहीत, पण जेवतात, खाली फिरायला जातात. मग म्हणाली, "काका, एक विचित्र गोष्ट आहे. गेले चार दिवस ते फोनवर तुमचा तो ग्रुप वर सरकवून सरकवून बघतायत. कागदावर काहीतरी उतरवतायत. आज मला म्हणाले, चार नंबरनं तुला किती चुका सांगितल्या? मी म्हटलं एकोणीस. तर म्हणाले, सतरा आहेत. त्याला परत मोजायला सांग."

"मी दोनदा मोजल्यात," मी म्हणालो.

"मी तेच म्हटलं. तर म्हणतात, अक्कलकोटचे दोन दिवस धरले असतील त्यानं. त्या दोन दिवशी मी लग्नाला गेलो होतो. घराचं मेन बटन बंद करून गेलो होतो, फ्रीज रिकामा करून. मीटर हललंच नव्हतं. म्हणून तिथूनच तोच आकडा टाकला."

मी फोन चालू ठेवून ग्रुपवर मागं गेलो. चोविसाव्या दिवशी पाच नंबरनी त्यांना विचारलं होतं, कुठं आहात? त्यांनी एका मांडवाचा फोटो टाकला होता, ताटात गव्हाची खीर, हुग्गी, खाली लिहिलं होतं, अक्कलकोट, दोन दिवस. मी तो फोटो त्या वेळी बघितला होता. वहीत दोन्ही दिवसांपुढं फुली होती. घरी परतल्यावरचा आकडा त्याच आकड्यात फक्त दोन युनिट वाढून आलेला होता. दोन दिवस मीटर खरंच उभं होतं.

"सतरा बरोबर आहेत," मी म्हणालो.

"काका, सतरा काय, एकोणीस काय. आता त्यानं काय फरक पडतो?"

"काही नाही. पण त्यांना सांगा, सतरा."

तिनं फोन बाजूला धरला. तेलुगूत बोलल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आवाज आला, जवळून नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, आणि तो आवाज मी तीस वर्षांपूर्वी गठ्ठ्यांच्या पलीकडून ऐकायचो तसाच होता, किंचित चिडलेला. ती फोनवर परत आली.

"म्हणतात, वहीत खोडू नको. जुना आकडा दिसला पाहिजे. बाजूला नवीन लिही आणि सही कर."

मी पेन घेतलं. एकोणीसवर एक आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी. बाजूला सतरा लिहिलं. खाली सही केली आणि तारीख घातली.

"केलं म्हणावं," मी म्हणालो.

तिनं सांगितलं. मग ती म्हणाली, "काका, ते उठून गेलेत. बाल्कनीत."